वन्संचा तळतळाट आणि अट्रियसचं घर

माझी आजी घरातल्या प्रत्येक संकटाचं एकच कारण सांगत असे. काकांचा धंदा बुडाला: वन्संचा तळतळाट. बैल दगावला: वन्संचा तळतळाट. माझा धाकटा चुलत भाऊ तापानं गेला तेव्हाही ती तेच म्हणाली, फक्त हळू आवाजात. वन्सं म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी परतलेली. तिचे दागिने मोडून आमच्या मळ्यातली विहीर बांधली आणि बदल्यात तिच्या नावावर दोन एकर करून द्यायचं ठरलं. विहिरीला पाणी लागलं. दोन एकरांचा कागद मात्र कधी झाला नाही. माझ्या जन्माआधीच ती गेली होती.

पुढे मी दस्तलेखक झालो. गेली तीस वर्षं तालुक्याच्या गावी निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून खरेदीखतं, वाटणीपत्रं, हक्कसोडपत्रं लिहितो. ग्रीक शोकात्मिकांकडे वळलो तो चाळिशीत, रद्दीच्या दुकानात सापडलेल्या एका इंग्रजी भाषांतरामुळे. मग दुसरं भाषांतर आणलं, तिसरं आणलं, शेवटी ग्रीक लिपी आणि शब्दकोश घेऊन बसलो. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे नावांचे उच्चार माझे माझेच आहेत. जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

मराठी वाचकाला ग्रीक शोकात्मिका म्हटलं की आधी इडिपस आठवतो. पु. ल. देशपांड्यांच्या ‘राजा ओयदिपौस’मुळे तो आपल्या ओळखीचा झाला. मला मात्र त्याच्यापेक्षा दुसऱ्या राजघराण्यानं जास्त छळलं. ते म्हणजे आर्गोसचं अट्रियसचं घराणं. त्याची गोष्ट थोडक्यात अशी. अट्रियस आणि थायस्टिस हे सख्खे भाऊ, वाद राज्याचा. थायस्टिसनं भावाच्या बायकोशी संबंध ठेवले. अट्रियसनं समेटाचं निमित्त करून त्याला जेवायला बोलावलं आणि त्याचीच मुलं शिजवून वाढली. अट्रियसचा मुलगा आगामेम्नॉन. ट्रॉयवर स्वारी करताना वारा अनुकूल व्हावा म्हणून त्यानं पोटची मुलगी इफिजेनिया बळी दिली. दहा वर्षांनी तो जिंकून परतला तेव्हा बायको क्लायटेम्नेस्ट्रानं त्याला न्हाणीत मारलं. तिचा साथीदार एजिस्थस, म्हणजे थायस्टिसचा वाचलेला मुलगा. मग आगामेम्नॉनचा मुलगा ओरेस्टिस मोठा होऊन आला आणि त्यानं एजिस्थसला आणि स्वतःच्या आईला मारलं.

या कथेवर एस्किलसनं इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या डायोनिससच्या उत्सवात तीन नाटकं एकापाठोपाठ सादर केली: ‘आगामेम्नॉन’, ‘तर्पण करणाऱ्या स्त्रिया’ आणि ‘युमेनिडिस’. तिन्ही मिळून ‘ओरेस्तिया’. ग्रीकांच्या नाट्यत्रयींपैकी पूर्ण शिल्लक राहिलेली ही एकच. तिच्याविषयीच्या बहुतेक प्रस्तावनांत पहिल्याच पानावर ‘शापित घराणं’ हे शब्द भेटतात आणि मग सगळं सोपं होऊन जातं. शाप होता, म्हणून झालं. मीही काही वर्षं असंच वाचत होतो. आजीचा नातूच मी.

पहिला धक्का होमरनं दिला. ‘ओरेस्तिया’च्या निदान दोन शतकं आधीच्या या कवीला हे घराणं चांगलं माहीत आहे, पण शाप माहीत नाही. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गात आगामेम्नॉनच्या राजदंडाची परंपरा दिली आहे: देवांकडून पेलॉप्सकडे, पेलॉप्सकडून अट्रियसकडे, अट्रियसनं मरताना तो थायस्टिसला दिला आणि थायस्टिसनं पुतण्याला, आगामेम्नॉनला. माझ्या धंद्याच्या भाषेत बोलायचं तर मालकीची साखळी निर्वेध आहे. कुठे तक्रार नाही, हरकत नाही. मुलं शिजवल्याचा उल्लेख नाही, इफिजेनियाच्या बळीचाही नाही. ‘ओडिसी’त आगामेम्नॉनचा खून आहे, पण तिच्या सुरुवातीलाच झ्यूस कुरकुरतो की माणसं आपल्या दुःखाचं खापर देवांवर फोडतात, आणि उदाहरण देतो ते याच एजिस्थसचं. देवांनी दूत पाठवून त्याला आधी बजावलं होतं, तरी त्यानं ऐकलं नाही. ओरेस्टिसनं सूड घेतला म्हणून तिथं त्याचं कौतुकच आहे. त्याच्या आईचं काय झालं, हे होमर अंत्यविधीच्या उल्लेखापलीकडे सांगत नाही.

म्हणजे शाप पहिल्यापासून घराला चिकटलेला नव्हता. तो नंतरच्या कवींनी आणला, आणि एस्किलसनं आणला तेव्हा तो कुणाच्या तोंडी घातला, हे पाहण्यासारखं आहे.

त्याआधी शब्दाविषयी थोडं. ग्रीक शब्द ‘अरा’. त्याचा अर्थ प्रार्थना आणि शाप, दोन्ही. देवापुढे हात पसरून मागितलेली गोष्ट; ती कुणाच्या भल्यासाठी मागितली की वाइटासाठी, हे संदर्भावरून ठरतं. आपण त्याचं भाषांतर ‘शाप’ करतो तिथंच गफलत होते. आपल्या पुराणातला शाप देणारा बहुधा समर्थ असतो. ऋषीच्या शब्दामागे तप असतं, शब्द उच्चारला की फळ ठरलेलं, आणि पाया पडलं की उःशापही मिळतो. ग्रीक ‘अरा’ बहुतेक वेळा असमर्थ माणसाची असते: फसवला गेलेला भाऊ, आईबाप, मरणाच्या दारातलं माणूस. त्याच्या हातात काही उरलेलं नसतं म्हणून तो देवाकडे मागतो. उःशापाची तर सोयच नाही. मराठीत यासाठी ‘शाप’पेक्षा ‘तळतळाट’ हा शब्द कितीतरी जवळचा आहे. तळतळाट दिला जात नाही, तो लागतो. आणि तो लागायला आधी कुणाचं तरी काहीतरी बुडवलेलं असावं लागतं.

आता ‘आगामेम्नॉन’ नाटक. थायस्टिसचा तळतळाट तिथं शब्दांत सांगतो तो एजिस्थस, आणि तोही अगदी शेवटी, खून झाल्यावर. तो प्रेतापाशी उभा राहून आपल्या बापाच्या जेवणाची हकिकत सांगतो: काय खाल्लं हे कळल्यावर बाप कसा ओरडला, त्यानं मेज लाथाडून कसं उलथवलं आणि साऱ्या घराण्याचा असाच नाश होवो असं कसं मागितलं. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ही हकिकत सांगताना एजिस्थस एक गोष्ट गाळतो: बापानं भावाच्या बायकोशी ठेवलेला संबंध. ती गोष्ट आपल्याला आधीच कळलेली असते, कसांड्राकडून. ट्रॉयची ही कैदी राजकन्या या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवते आहे, तिला इथलं काहीच मिळवायचं नाही, आणि तिला घरावर बसलेली ती मुलं हातात स्वतःचं मांस घेतलेली दिसतात, तशीच तुडवलेली भावाची शेजही दिसते. ज्याला राज्य हवं आहे त्याच्या हकिकतीत नेमका सोयीचा तुकडा गायब आहे. असे जबाब मी रोज ऐकतो.

क्लायटेम्नेस्ट्राचं याहून गुंतागुंतीचं आहे. प्रेतावर उभी राहून ती आधी अभिमानानं सांगते की हे मी केलं, या हातानं केलं. कारणही देते: यानं माझी मुलगी वाऱ्यासाठी मारली, तेव्हा तुम्ही याला हद्दपार का केलं नाही? हा प्रश्न वृद्धांच्या वृंदाला आहे आणि त्यांच्याकडे उत्तर नाही. पण बोलणं वाढत जातं तशी तिची भाषा बदलते. मला आगामेम्नॉनची बायको म्हणू नका, ती म्हणते, अट्रियसच्या त्या मेजवानीचा सूड घेणारा या घराचा जुना पिशाच्च-देव माझं रूप घेऊन आला होता. वृंदाचं यावरचं उत्तर मला सगळ्या त्रयीतलं सर्वांत शहाणं वाटतं. तू निर्दोष आहेस अशी साक्ष कोण देईल, असं ते विचारतात, आणि लगेच मान्य करतात की तो सूडदेव तुझा साथीदार असेलही. साथीदार, कर्ता नव्हे. दोघांची जबाबदारी वेगवेगळी मोजली आहे. मग ती चक्क तडजोड सुचवते: या घराच्या देवाशी करार करू, त्यानं दुसरं घर गाठावं, संपत्तीचा थोडा वाटा मला पुरे. करार अर्थातच होत नाही.

दुसऱ्या नाटकात ओरेस्टिस तलवार उपसून समोर उभा राहतो तेव्हा ती म्हणते, जे घडलं त्यात नियतीचाही वाटा होता. तो उत्तर देतो, मग हे मरणही नियतीनंच आणलं आहे. युक्तिवाद तोच, फक्त तोंड बदललं.

अथेन्सच्या प्रेक्षकांना हे नवं नव्हतं. त्यांच्या शहरात खरोखरीचं एक ‘शापित’ घराणं होतं, अल्कमिऑनिडांचं. इ.स.पू. सातव्या शतकात कायलॉन नावाच्या सरदारानं सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. तो फसला, त्याचे लोक देवळाच्या आश्रयाला गेले, आणि जीव वाचेल असं वचन देऊन बाहेर काढून त्यांना मारलं गेलं. ठपका आला या घराण्यावर. त्यांना हद्दपार केलं, पुरलेल्या पूर्वजांची हाडंसुद्धा उकरून सीमेबाहेर टाकली. घराणं पुढे परतलं. इ.स.पू. ५०८ मध्ये, म्हणजे शतक उलटल्यावर, लोकशाहीचा पाया घालणारा क्लेस्थेनिस याच घराण्यातला म्हणून स्पार्टाच्या राजानं तो जुना शाप उकरून काढला आणि ७०० कुटुंबं अथेन्सबाहेर काढली. पुन्हा पेलोपोनेशियन युद्धाच्या तोंडावर स्पार्टानं निरोप धाडला: शापित लोकांना घालवा. रोख पेरिक्लिसवर होता, कारण त्याची आई त्या घराण्यातली. थ्युसिडिडिस हे सगळं कोरडेपणानं नोंदवतो. हा शेवटचा प्रसंग नाटकानंतरचा, पण शाप राजकारणात कसा चालवतात हे ४५८ चे प्रेक्षक आधीच शिकले होते.

मग एस्किलसच्या नाटकात शाप म्हणजे निव्वळ सबब आहे का? काही वर्षं माझं मत तसं झालं होतं. ते बदललं पहिल्या नाटकाच्या सुरुवातीच्या वृंदगीतामुळे, जे मी तोवर दहा वेळा वाचलं असेल.

ऑलिसच्या बंदरात नौदल अडकलं आहे. ज्योतिषी काल्खास सांगतो की देवी आर्टेमिसला मुलीचा बळी हवा. आगामेम्नॉन तळमळतो, न ऐकलं तर संकट, मुलीला मारलं तर संकट. मग तो निर्णय घेतो. इथं कवीनं गरजेच्या जुवाचं रूपक वापरलं आहे, आणि त्याचं क्रियापद अंगात वस्त्र चढवण्याचं आहे. जू त्याच्या मानेवर कुणी ठेवत नाही, ते तो स्वतः चढवतो. इथपर्यंत टीकाकार नेहमी लिहितात. पुढच्या ओळींवर मी अडकलो. प्रार्थनेनंतर बाप सेवकांना हुकूम देतो: तिला करडासारखी वेदीवर उचलून धरा, आणि तिचं तोंड बांधा. कशासाठी? तिनं ओरडू नये म्हणून? शब्दकोश उघडला तर तिथं ‘अरा’पासून झालेलं विशेषण निघालं. तिच्या तोंडून घराला बाधेल असा शब्द निघू नये म्हणून.

मुलीला मारायची त्याची तयारी आहे. भीती आहे ती तिच्या तळतळाटाची. आणि त्यावरचा त्याचा उपाय सुरा बाजूला ठेवण्याचा नाही, कापड आणण्याचा आहे. तोंड बांधल्यावर मुलगी एकेका माणसाकडे डोळ्यांनी बघते, चित्रातल्यासारखी, बोलू पाहणारी. ही तीच माणसं, ज्यांच्यापुढे बापाच्या मेजवानीत ती कित्येकदा गायली होती. पुढचं आम्ही पाहिलं नाही आणि सांगत नाही, असं म्हणून वृंद थांबतो.

हे कळलं त्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. आजी तेव्हा नव्वदीच्या पुढे होती, पण बोलणं स्वच्छ. मी विचारलं, “वन्सं नेमकं काय म्हणाल्या होत्या गं? तुझ्यासमोर?” आजीनं बराच वेळ आठवलं आणि म्हणाली, “बोलल्या कुठं? कधी काही बोलल्याच नाहीत.” साठ वर्षं आम्ही ज्या तळतळाटावर बैलापासून पोरापर्यंत सगळं ढकललं, तो कुणी ऐकलाच नव्हता. आणि त्या साठ वर्षांत दोन एकरांचा कागद करावा असंही कुणाला सुचलं नव्हतं. मी स्वतः कागदच लिहीत होतो, तरी मलाही नाही.

यानंतर ‘युमेनिडिस’ मला वेगळं दिसू लागलं. आईच्या खुनानंतर ओरेस्टिसच्या मागे एरिनिज लागतात, रक्ताचा माग काढणाऱ्या या सूडदेवता. अथेनापुढे त्या आपली ओळख सांगतात तेव्हा नाव सांगतात ‘अराई’, म्हणजे तळतळाटच, मूर्तिमंत. अथेना खटला भरवते, एरिओपॅगसच्या टेकडीवर, नागरिकांतून पंच निवडून. एफिआल्टिसच्या सुधारणांनी इ.स.पू. ४६२ च्या सुमारास या एरिओपॅगसच्या परिषदेचे राजकीय अधिकार काढून घेतले होते आणि तिच्याकडे मुख्यतः खुनाचे खटले उरले होते. त्यानंतर लवकरच एफिआल्टिसचा खून झाला. त्या जखमेला चार वर्षंही झाली नसताना हे नाटक त्याच शहरापुढे झालं.

खटल्यात अपोलोचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे: आई ही खरी जन्मदाती नव्हेच, ती बापाचं बीज सांभाळणारी. आपल्याकडे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्रीला क्षेत्र आणि पुरुषाला बीज म्हटलं आहे, ते वाचलेल्याला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. मला तो लंगडा वाटतो, आणि एस्किलसलाही तसाच वाटत असावा, कारण मतं समसमान पडतात. अथेना ओरेस्टिसच्या बाजूनं मत देते आणि तो सुटतो.

पण माझं लक्ष दुसऱ्या एका प्रश्नोत्तराकडे जातं. क्लायटेम्नेस्ट्रानं नवऱ्याला मारलं तेव्हा तुम्ही तिच्या मागे का लागला नाहीत, असं ओरेस्टिस एरिनिजना विचारतो. त्या सांगतात, मारलेला माणूस तिच्या रक्ताचा नव्हता. नियम स्पष्ट आहे: आपल्या रक्ताचं माणूस मारलं तरच आम्ही येतो. मग आगामेम्नॉन? इफिजेनिया त्याच्याच रक्ताची होती. त्या वेळी एरिनिज कुठे होत्या? हा प्रश्न त्या न्यायालयात कुणी विचारत नाही. ओरेस्टिसला तो सोयीचा नाही, अपोलोला नाही. पण क्लायटेम्नेस्ट्राचं भूतसुद्धा, जे एरिनिजना झोपेतून उठवायला येतं, फक्त स्वतःच्या जखमा दाखवतं. या तिसऱ्या नाटकात इफिजेनियाचा उल्लेख कुठेच येत नाही. पहिल्या नाटकात जिच्या नावानं खून झाला, ती शेवटच्या नाटकापर्यंत पोहोचतच नाही.

विद्वान याची वेगवेगळी कारणं देतात. कुणी म्हणतं, क्लायटेम्नेस्ट्राचा खूनच त्या एरिनिजचं काम होतं, आणि पहिल्या नाटकात ती स्वतः मुलीच्या न्यायाची आणि एरिनिसची शपथ घेते हे खरं आहे. माझं वाचन त्याहून साधं आहे, आणि ते माझं म्हणूनच घ्यावं. एरिनिज म्हणजे ‘अराई’. जिच्या तोंडातून ‘अरा’ निघूच दिली नाही, तिच्यासाठी कोण उठणार? बापाची युक्ती या एका अर्थानं यशस्वी झाली.

सोफोक्लिसच्या ‘इलेक्ट्रा’ला मी इथं बाजूला ठेवतो, त्याची ताकद वेगळ्या जागी आहे. युरिपिडिसनं मात्र या घराला सोडलं नाही. ‘ओरेस्टिस’ या इ.स.पू. ४०८ च्या नाटकात क्लायटेम्नेस्ट्राचा म्हातारा बाप नातवाला झापतो: आईवर खटला का भरला नाहीस, तिला कायद्यानं घराबाहेर का काढलं नाहीस? एस्किलसच्या नाटकात खून आधी आणि न्यायालय नंतर जन्माला येतं; युरिपिडिस म्हणतो, न्यायालय होतंच, तुम्ही गेला नाहीत.

आणि त्याचं ‘ऑलिसमधली इफिजेनिया’, त्याच्या मृत्यूनंतर, ‘ओरेस्तिया’ला पन्नासहून अधिक वर्षं झाल्यावर रंगमंचावर आलेलं. इथं मुलीच्या तोंडाला कापड नाही. लग्न ठरलंय असं खोटं सांगून तिला बोलावून घेतलेलं आहे, आणि खरं कळल्यावर ती बोलते, पुष्कळ बोलते. तुम्हाला पहिल्यांदा बाबा मीच म्हटलं होतं, याची बापाला आठवण करून देते. तान्ह्या ओरेस्टिसला पुढे धरते. भल्या मरणापेक्षा वाईट जगणं बरं, असंही सांगून बघते. बाप हलत नाही. मग ती अचानक मन बदलते आणि स्वतःहून मरायला तयार होते. हा बदल फार झटपट झाला अशी तक्रार ॲरिस्टॉटलपासून चालत आली आहे. मला ती पटत नाही. आजूबाजूचे सगळे पुरुष काय ठरवून बसले आहेत, हे कळायला मुलीला कितीसा वेळ लागतो? हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी मी पाहतो. टेबलापर्यंत येताना एक चेहरा असतो आणि पेन हातात घेताना दुसरा.

तोंड मोकळं असलेली ही इफिजेनिया जाताना काय म्हणते? केस कापू नकोस, काळं नेसू नकोस, असं आईला सांगते. ओरेस्टिसला नीट वाढव. आणि माझ्या बाबांचा द्वेष करू नकोस. एस्किलसचा आगामेम्नॉन ज्या शब्दाला घाबरून कापड मागवतो, तो शब्द या मुलीच्या तोंडातून निघतच नाही. आई मात्र उत्तर देते की तुझ्यापायी त्याला भयंकर भोगावं लागेल. मुलगी बापाची बाजू घेते, त्यानं हे नाइलाजानं, ग्रीससाठी केलं म्हणते. आई म्हणते, कपटानं केलं. तेवढ्यावर ते संपतं, कारण वेळ झालेली आहे. केसांना धरून ओढत नेण्याआधी मला पोहोचवायला कोण येईल, असं इफिजेनिया विचारते. आई म्हणते, मी येते. ती म्हणते, तू नको.